खणून ठेवलेली कबर

मला एक सांगा मंडळी. माणूस संपला, हे ठरवायचं कुणी?

बोला ना. पेटीवाले, भाता थांबवा जरा, उत्तर ऐकू येऊ द्या. "देवानं." शाबास. बायकांच्या बाजूनं आलं, पुरुषांच्या बाजूनं आलं, खांबाला टेकून बसलेल्या पंचांनीही मान हलवली. देवानं ठरवायचं. सगळ्यांना पाठ आहे. आणि सगळे खोटं बोलताय.

रागावलात? रागवा. मी गोड बोलायला आलेलो नाही. गोड बोलणारे कीर्तनकार पुष्कळ मिळतील, त्यांना शिरा खाऊ घाला. मी विहिरी खणणारा माणूस. चौथीत शाळा सुटली, उरलेलं अक्षर पवित्र शास्त्र वाचता वाचता शिकलो. कातळ फोडायची सवय, तसाच बोलतो. आणि आज जे सांगणार आहे त्यात पहिला गुन्हेगार मीच आहे. तुमचा नंबर माझ्यानंतर.

ज्याने दिला श्वास । तोच नेई घरी ।
तुझ्या का रे करी । कुदळ ही ।।

म्हणा. आणि 'कुदळ' शब्दावर टाळ जरा जपून मारा. ती कुणाच्या हातात आहे ते अजून कळायचंय.

आमची कातळवाडी नगरकडच्या पठारावर. ख्रिस्ती लोकांची सव्वीस घरं, पत्र्याचं प्रार्थनामंदिर, आणि मंदिरामागं एक शेत सोडून कबरस्तान. तिथली जमीन कशी? वर हातभर माती, खाली काळा कातळ. तुमच्याकडं माणूस गेला की चार पोरं फावडी घेऊन जातात आणि दुपारपर्यंत कबर तयार. आमच्याकडं दोन दिवस लागतात. छन्नी, घण, पहार. कबरस्तानात सुरुंग लावता येत नाही, जुनी माणसं झोपलीत तिथं. म्हणून आमच्यात एक चाल पडली होती. कुणी अगदी शेवटाला आलं, डॉक्टरनं हात टेकले, की पंच जमायचे, मान हलवायचे, आणि खणायला सुरुवात. माणूस इकडं श्वास घेतोय, तिकडं घण पडतोय.

तुम्ही तोंडाला पदर लावलात ताई. आम्ही नव्हता लावला. आम्हाला त्यात काही वाटायचंच नाही. उन्हाळ्यात प्रेत दोन दिवस ठेवणार कुठं? सोय होती ती, सोय. माणसं सगळ्यात वाईट गोष्टी करतात त्या सोयीसाठीच करतात.

आता सुगंधाबाई. सुगंधाबाई योहान त्रिभुवन. तालुक्याच्या मिशन दवाखान्यात तीस वर्षं सुईण होती. उंच बाई, आवाज पोलिसासारखा. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची, कारण निम्म्या वस्तीला जगात आल्यावर पहिली चापट तिनंच मारली होती. माझ्या तिन्ही पोरांची नाळ तिनं कापली. तिसऱ्याच्या वेळी मला म्हणाली, "नाथान, विहिरी खण बाबा, इकडचं खणणं बंद कर आता." भरल्या घरात. माझी सासू बसलेली.

अशी बाई. मग दवाखाना बंद पडला. ती घरी बसली. पुढच्या दिवाळीत नवरा योहान गेला. मूलबाळ नाही. आणि मंडळी, एक पाहिलंय का तुम्ही, बाई रडते तोवर काळजी नसते. ती रडायची थांबली. सकाळी उठून करायचं काय, हेच तिला उरलं नाही. आम्ही तिला काय म्हणालो? "मावशी, आता आराम करा. आयुष्यभर केलंत." किती चांगली माणसं आम्ही! आराम करा, आराम करा असं म्हणत म्हणत तिला बाजेवर नेऊन झोपवलं.

मार्च लागला आणि तिला न्यूमोनिया झाला. दीर शामुवेलनं तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, अंगात झुंजायची ताकद दिसत नाही, घरी न्या. घरी आणली. शामुवेल स्वतः पंच होता. त्याच्या ओट्यावर तिघं पंच जमले आणि मला बोलावलं.

"नाथान," शामुवेल म्हणाला, "वहिनीचं आज-उद्याचं दिसतंय. किती वेळ लागंल?"

मी म्हणालो, "योहानदादाशेजारी? तिकडं कातळ कडक आहे. दोन दिवस धरा."

"मग लाग कामाला."

मी लागलो. एका शब्दानं विचारलं नाही, की बाबांनो, ती अजून जिवंत आहे. लांबी किती ठेवू, एवढं मात्र विचारलं.

मार्चची दुपार, वारा पडलेला, पठारावर घणाचा आवाज कुठवर जातो ठाऊक आहे? सुगंधाबाईच्या उशापर्यंत. जाऊबाई पाणी पाजत होती. मावशीनं तिला विचारलं, "कसला आवाज गं?"

जाऊ म्हणाली, "विहीर खोल करत्यात."

"कुणाची?"

जाऊबाई भांडं घेऊन उठली आणि बाहेर गेली.

संध्याकाळी मी घरी जाताना तिच्या दारात डोकावलो. अंगावर कातळाची पूड तशीच. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. म्हणाली, "नाथान, आखूड करू नकोस. मी उंच आहे."

मंडळी, मला काय वाटायला हवं होतं? जमीन दुभंगावी असं वाटायला हवं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? "नाही मावशी, वीतभर जास्तच धरलीय." तिला बरं वाटावं म्हणून बोललो मी हे!

दुसऱ्या दिवशी कबर पुरी झाली. तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईचा ताप उतरला. चौथ्या दिवशी तिनं भाकरी आणि कढी मागितली.

आता हसा. इथं हसायला हरकत नाही. पण त्या दिवशी वस्तीत एकही माणूस हसलं नाही. आनंद व्हायला हवा होता ना? देवानं माणूस माघारी दिला, मंदिराची घंटा वाजवायला हवी होती. सव्वीस घरं चिडीचूप. का? कारण कबर उघडी राहिली.

आमच्यात म्हणायचे, खणलेली कबर रिकामी राहत नाही. ती माणूस मागते. ज्याच्यासाठी खणली तो नाही आला, तर दुसरा ओढते, आणि कोवळा ओढते. नुसती माती टाकून बुजवली तर जास्तच खवळते. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही. आजे-पणजे देवऋषी सोडून आले, गंडेदोरे विहिरीत टाकून आले. आणि आम्ही एका खड्ड्याला भ्यालो. मी तर स्वतःच्या हातानं खणलेला खड्डा. दोन दिवस आत उभा राहून बिड्या ओढल्या होत्या, तेव्हा त्यानं मला खाल्लं नाही. आणि आता वरून वाकून बघायची छाती होईना.

पाळकसाहेबांकडं पाच गावं, ते महिन्यातून एकदा यायचे. आले, ऐकलं, भडकले. "उद्याच्या उद्या बुजवा." आम्ही म्हणालो, हो साहेब. त्यांची फटफटी वळणावर गेली आणि आमचं 'हो' तिच्या धुरात गेलं.

सुगंधाबाई हिंडू-फिरू लागली, पण लोक तिच्याकडं असे बघायचे, जसं बस सुटून गेल्यावर स्टँडवर राहिलेल्या माणसाकडं बघतात. तुम्ही अजून इथंच? उपासनेत बायकांच्या चटईवर तिच्या दोन्ही बाजूंना हातहात जागा रिकामी. कुणी शिवी दिली नाही. कुणी हाकललं नाही. फक्त कुणी काही विचारेनासं झालं. गरोदर सुना पूर्वी पोट दाखवायला यायच्या, त्या तिच्या दारावरून पदर ओढून जायला लागल्या. आणि सगळ्यात वाईट काय? तिलाही पटलं. ती मला एकदा म्हणाली, "नाथान, मी कुणाच्या तरी वाट्याचं जगतेय का रे?"

मलाही तसंच वाटत होतं. मग आज हे कीर्तन कोणत्या तोंडानं करतोस, असं विचाराल तर ह्याच तोंडानं. दुसरं नाही माझ्याकडं.

दुःखसप्ताह लागला, येशूच्या मरणाची आठवण करायचा आठवडा. आमच्या वस्तीची जुनी रीत, पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. आधी चार दिवस कबरींना चुना लावायचा, काटे काढायचे. पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन जायचं, आणि उजाडलं की आरोळी द्यायची: प्रभू उठला आहे! त्या वर्षी पंचांनी काय ठरवलं? यंदा पहाटेची उपासना मंदिराच्या अंगणात घ्यायची. कबरस्तानात नको. का नको? तिथं एक कबर रिकामी आहे.

थांबा. पेटी थांबवा, मृदंग थांबवा. काय म्हणालो मी, पुन्हा ऐका. कबर रिकामी आहे म्हणून आम्ही पुनरुत्थानाच्या उपासनेला जाणार नव्हतो.

अहो, आपला धर्म उभा कशावर आहे? त्या पहाटे बाया सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडं गेल्या तेव्हा काय दिसलं त्यांना? भरलेली कबर? दुसऱ्या कुणाला ओढून घेतलेली कबर? रिकामी. त्या रिकामेपणावर दोन हजार वर्षं जग उभं आहे, आणि कातळवाडीची मंडळी रिकाम्या कबरीला भिऊन अंगणात सतरंजी टाकते. त्या कबरीपाशी बसलेला देवदूत इथं असता तर कपाळाला हात लावून दगडावर बसला असता.

आणि ह्याच आठवड्यात चिमी आजारी पडली.

चिमी चार वर्षांची. आई एस्तेर, बाप ऊसतोडीला बाहेर. पोरीला हगवण-वांती सुरू झाली. बुधवार गेला, गुरुवार गेला. वस्तीनं एकमेकांकडं पाहिलं. तोंडानं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी एकच जागा मनात पाहिली. आणि सुगंधाबाईनं बुधवारपासून जेवण सोडलं. विचारलं तर म्हणे, दुःखसप्ताहाचा उपास आहे. मला ते खरं वाटलं. मी मूर्ख.

शुक्रवारी दुपारी, तीन तासांची उपासना सुटल्यावर, मी तिच्याकडं गेलो होतो. तिच्या कवाडाची बिजागरी निखळली होती, ती बसवत होतो. एस्तेर आली. कडेवर चिमी, मान टाकलेली. उंबऱ्याच्या आत आली, बाजेसमोर खाली बसली, आणि पदर पसरला.

"मावशी," ती म्हणाली, "एक मागायला आलेय. न्हाई म्हणू नगा."

"बोल."

"तुमच्यासाठी खणलं होतं ना ते. माझ्या लेकीला बोलावतंय. तुम्ही जा, मावशी. तुमचं समदं झालंय. हिचं काहीच झालं न्हाई."

माझ्या हातातला खिळा खाली पडला. मंडळी, मी खाली विहिरीत माणूस असताना दरड कोसळलेली पाहिलीय. असं काळीज तेव्हाही गोठलं नव्हतं. एक आई एका बाईला मर म्हणत होती. तीही शिव्या देऊन नाही हो, पदर पसरून, मीठ उसनं मागावं तशी. आणि सुगंधाबाईनं काय म्हणावं?

"जाते गं. तीन दिवस अन्न नाही घेतलं. रविवारपर्यंत आटपेल बहुतेक."

दोघी किती शांत! पाण्याला आधी कुणी जायचं हे ठरवावं, तसं चाललं होतं. मी मध्ये बोलायला हवं होतं. मी खाली पडलेला खिळा शोधत राहिलो.

तेवढ्यात चिमी रडली. म्हणजे तोंड वाकडं केलं, बारीक आवाज आला. सुगंधाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग कोपरावर टेकून अर्धी उठली.

"एस्तेर, ही रडतेय."

"व्हय, सकाळपासनं."

"रडतेय, पण डोळ्यात पाणी नाही. इकडं आण तिला." तिनं चिमीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "लघवी कधी केली हिनं?"

"काल... परवा रातच्याला केली असंल."

"पाणी किती पाजतेस?"

"बंद केलंय की. पाणी दिलं का जास्तच जातंय."

मंडळी, बाजेवरची ती मरायला निघालेली बाई तिथंच संपली. तीस वर्षांचा तो पोलिसी आवाज परत आला. "अगं बाई माझे, सुकवून मारतेस का पोरीला? खड्डा कशाला बोलवतोय तिला, तूच धाडतेयस! मी मरायचं का नाही ते मग बघू. आधी पाणी उकळ. नाथान, बघत काय बसलायस, चूल पेटव."

मी पेटवली. तिनं उकळलेलं पाणी परातीत गार केलं, साखर घातली, मीठ घातलं, बोटानं चाखलं. "आसवांपेक्षा खारट नको," म्हणाली. चमचा घेतला, पोरीच्या ओठाला लावला, आणि तिचा हात थरथरला. चमचा सांडला. पुन्हा भरला, पुन्हा सांडला. तीन दिवसांचा उपाशी हात तो.

तिनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "टोपलीत भाकरी असेल. आण."

"मावशी, उपास..."

"आण म्हणते ना. हात धरत नाहीये."

शिळी भाकरी, वर तेल-मीठ. बाजेवर बसून ती बाई भराभरा जेवली. तिला भूक नव्हती, जगायची हौसही आली नव्हती, लक्षात घ्या. चमचा सरळ धरायचा होता, म्हणून जेवली. मी आजवर मंदिरात शेकड्यांनी प्रभुभोजनं घेतली, प्रभूच्या नावानं मोडलेली भाकर खाल्ली. त्या भाकरीसारखा घास दुसरा पाहिला नाही.

दर मिनिटाला एक चमचा, एक चमचा असं करत पाचची एसटी धरली. गाडीत पोरगी तिच्या मांडीवर. एस्तेर रडायला लागली की ही म्हणायची, "रडू नकोस, वाटी धर." तालुक्याला पोचेतो पोरीनं सुगंधाबाईचं लुगडं ओलं केलं, आणि ही सगळ्या एसटीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "आली गं बाई, लघवी आली!" कंडक्टर हादरला. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. शनिवारी दुपारी निरोप आला, पोरगी पेज मागतेय.

मग? वस्तीनं काय करायला हवं होतं? रविवारी पहाटे नाचत कबरस्तानात जायला हवं होतं. अंगणात सतरंज्या पडल्या. शामुवेल हळूच म्हणाला, "चिमी तर वाचली. आता कुणाचा नंबर?" आणि पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे, आम्ही म्हणालो, खरोखर उठला आहे, आणि एकानंही मान वळवून शेतापलीकडं पाहिलं नाही. मीही नाही. चमत्कार डोळ्यांनी पाहून आलेला मी, मेणबत्ती धरून भिंतीकडं तोंड करून उभा होतो. ह्याची मला आजही लाज वाटते, आणि वाटत राहो.

सोमवारी ती परत आली. घरी गेलीच नाही, पिशवी हातात घेऊन सरळ कबरस्तानात. आम्ही दहा-बारा जण लांबून मागं. ती काठाशी गेली. आत बघितलं. आता बाई प्रार्थना करणार, रडणार, काहीतरी मोठं बोलणार.

ती म्हणाली, "बुजवा हे. कुणाची शेरडं पडतील."

कुणी हललं नाही. मग तिनंच पिशवी ठेवली, काठावर पडून राहिलेलं घमेलं उचललं, आणि माझ्याकडं बघितलं. मी फावडं घेतलं. पहिलं घमेलं पडलं तेव्हा शामुवेलनं डोळे मिटले. काही झालं नाही. दगड दगडावर पडल्याचा आवाज झाला. ऊन चढेतो कबर बुजली, आणि घरी जाताना तिनं एस्तेरला दटावलं, की पोरीला आठ दिवस बाहेरचं पाणी देऊ नकोस.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. अकरा वर्षं एक दिवस कुणी तिला आराम करा म्हणालं नाही, म्हणायला ती घरी सापडायची नाही. गेली तेव्हा आम्ही दोन दिवस घण मारला, ती गेल्यानंतर. प्रेत दोन दिवस राहिलं. बर्फ आणला. सोय झाली नाही. मरूनबिरून गेलो नाही आम्ही.

झालं आख्यान. आता तुमचा नंबर म्हणालो होतो.

तुम्ही म्हणाल, आमची जमीन मऊ आहे, आम्ही नाही असलं काही करत. करता. आजाऱ्याला भेटायला जाता ना? पिशवीत चार सफरचंदं नेता. कॉटशेजारी बसून उसासा टाकता, आणि बाहेर दारातच चप्पल घालता घालता म्हणता, "काही खरं नाही हो." त्याला ऐकू जातं ते. दोनदा नापास झालेल्या पोरासमोर पाहुण्यांना सांगता, "ह्याच्याकडून काही होणार नाही." दारूच्या नादानं वाया गेलेला भाऊ, नवऱ्यानं टाकलेली बहीण, ओसरीवर बसवून ठेवलेला बाप. किती जणांची खणून ठेवलीत? आणि वर म्हणता, प्रभू उठला आहे. कुणाला सांगताय? आधी तुमच्या बापाला बाजेवरून उठू द्या.

उद्या जा. सफरचंदं नेऊ नका, काम न्या. म्हणा, आजी, ही तूर निवडून दे. दादा, माझ्या पोराला गणित सांग. बाबा, हे कवाड बसत नाही, जरा बघता का? मागा त्यांच्याकडं काहीतरी, आणि खोटं मागू नका, तुमचं खरंच अडलेलं मागा. देवानं प्रत्येक माणसाला कशासाठी तरी ठेवलंय म्हणता ना? मग ते कशासाठी, हे विचारायला कधीतरी त्याच्या दारात जा.

आणि इथं कुणी असं बसलं असेल ज्याला स्वतःच्याच घरात घण ऐकू येतो, त्यानं माझं ऐकावं. आहात तुम्ही, मला चेहऱ्यावरून कळतं. श्वास चालू आहे ना? मग नेमणूक चालू आहे. जगायची इच्छा होत नसेल तर राहू द्या, ती मागाहून येईल. आज फक्त कुणाच्या तरी ओठाला चमचा लावायचा आहे, म्हणून दोन घास खा.

पेटी सुरू करू नका अजून. आरती थांबेल. पहिल्यांदा नाव सांगा. उद्या सकाळी कुणाच्या दारात काम मागायला जाणार? मला ऐकू येईल असं, मोठ्यानं. पंचांपासून सुरू करा.

मी थांबतो. मला घाई नाही.